सोन्याचे दिवस, चांदीचा पडदा

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याकडून लॉ कॉलेज रस्त्याच्या अंगाला जो सावलीचा रस्ता जातो, त्याचे नाव प्रभात रोड. पहाटे फिरावयास निघणाऱ्या मंडळींमुळे या रस्त्याला हे नाव पडले असावे, असे पुण्यात नव्याने आलेल्या पुष्कळांना वाटते. आणि साडेपाच वाजता तेथे दिसणाऱ्या माकडटोप्यांची संख्या पाहता त्यांना दोषही देता येत नाही. पण जुन्या पुणेकराला विचारा. तो लगेच सांगेल की हे नाव एका कंपनीचे आहे. त्या कंपनीच्या चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर तुतारी फुंकणारी एक स्त्री दिसे, आणि ती दिसली की थिएटरातली कुजबूज थांबे.

प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. १९३२ साली तिने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला आणि १९३३ साली कोल्हापूर सोडून पुण्याची वाट धरली. पुढच्या आठदहा वर्षांत ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ असे एकाहून एक सरस चित्रपट पुण्याच्या मातीत तयार झाले. ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल सिनेमात सत्तावन्न आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. आपण ‘सुवर्णयुग’ म्हणतो ते हेच.

या सुवर्णयुगाला आता जवळजवळ नव्वद वर्षे होत आली. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिले, त्यांच्यापैकी बहुतेक आज आपल्यांत नाहीत. आणि गंमत अशी की, ते पाहणारे डोळे मिटू लागले तसतसे त्या काळावर चित्रपट काढण्याचे वेड वाढीस लागले. नटनट्यांची आयुष्ये, स्टुडिओतल्या भानगडी, पहिल्या कॅमेऱ्याची खरेदी, पहिल्या बोलपटाची धांदल हे सारे पडद्यावर येऊ लागले. आजी आजोबांच्या लग्नाची गोष्ट नातवाने नाटकात बसवावी, तसा हा प्रकार आहे. नातू हौशी आहे, पोशाख झकास आहेत. पण आजीला जे सोसावे लागले ते नाटकात येते की नाही, हा प्रश्न उरतोच. फराळाचे ताट समोर घेऊन बसलेल्या वाचकांपुढे आज तोच प्रश्न मांडावयाचा आहे.

हसरे फाळके

आरंभ अर्थातच दादासाहेब फाळक्यांपासून करावयास हवा. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या गिरगावातील कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तो तयार कसा झाला, याची गोष्ट परेश मोकाशी यांनी २००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटात सांगितली. दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिलाच चित्रपट, आणि भारतातर्फे ऑस्करसाठी धाडला गेलेला ‘श्वास’नंतरचा दुसरा मराठी चित्रपट.

या चित्रपटाचे मोठे यश हे की, थोर पुरुषावर चित्रपट काढताना आपल्याकडे जो गंधाचा आणि हारतुऱ्यांचा वास सुटतो, तो यात औषधालाही नाही. नंदू माधव यांचे फाळके हे एक खटपट्या, आनंदी, थोडेसे चक्रम गृहस्थ आहेत. ते विम्याची पॉलिसी गहाण टाकतात, घरातले कपाट विकतात, १९१२ साली विलायतेला जाऊन कॅमेरा आणतात, कुंडीतल्या रोपाची वाढ चित्राचित्राने टिपतात, आणि सारे काही असे करतात की जणू घरात मंगळागौरच चालू आहे. विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई नवऱ्याच्या वेडात नुसत्या सामील होत नाहीत, त्या त्याला हिशेबाला धरतात. हे इतिहासाला धरूनच आहे. सरस्वतीबाई स्वयंपाकघर सांभाळून फिल्मच्या कडांना छिद्रे पाडीत, ती धुण्याच्या कामाला हात लावीत आणि कंपनीतल्या माणसांना जेवूही घालीत. भारतीय चित्रपटाचा जन्म एका मराठी घरातल्या माजघरात झाला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

चित्रपटाच्या नावातच त्या काळाची एक खूण आहे. सिनेमात काम करणे म्हणजे अब्रूवर पाणी सोडणे, असा तो जमाना होता. तेव्हा फाळक्यांच्या मंडळींनी विचारणाऱ्याला सांगावयाचे की, आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत! बाई मिळेना म्हणून तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले. पुढे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे याच साळुंक्यांनी केली. पडद्यावर हे पाहताना आपण खदखदून हसतो.

पण वाचकहो, या हसण्यात एक मेख आहे. मोकाशींचा चित्रपट यशाच्या उंबरठ्यावरच थांबतो. त्यापुढची गोष्ट त्यात नाही. फाळक्यांनी पुढे नाशकात चित्रपट काढले, भागीदारांशी त्यांचे पटले नाही, त्यांनी संन्यास घ्यावा तसे सिनेमा सोडून नाटक लिहिले, ते पुन्हा सिनेमाकडे परतले. १९३७ साली कोल्हापुरात ‘गंगावतरण’ हा एकुलता एक बोलपट त्यांनी केला, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशकात वारले, तेव्हा त्यांनी उभ्या केलेल्या धंद्यात त्यांना जागा उरली नव्हती. आनंदाची गोष्ट सांगणाऱ्याने आनंदापाशी थांबावे, हा त्याचा हक्क आहे. मात्र पाहणाऱ्याने तेथे थांबू नये.

सोन्याची बेडी

जो चित्रपट आनंदापाशी थांबत नाही, त्याचे नाव ‘भूमिका’. श्याम बेनेगल यांचा हा १९७७ सालचा हिंदी चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेला आहे. हंसाबाईंनी आपली कहाणी अरुण साधू यांना सांगितली, ती पुण्याच्या ‘माणूस’मध्ये आली आणि १९७० साली तिचे पुस्तक झाले. पुढच्याच वर्षी हंसाबाई गेल्या.

मराठी आत्मचरित्रांचा अभ्यासक म्हणून मला हे पुस्तक फार मोलाचे वाटते. नटीने आपल्या तोंडाने आपली कथा सांगावी आणि तीत स्वतःला झाकू नये, हे मराठीला नवे होते. प्रभातच्या ‘संत सखू’तील सखू, राजकमलच्या ‘लोकशाहीर रामजोशी’तील बया, ‘सांगत्ये ऐका’तील तमासगिरीण अशी एकाहून एक वेगळी कामे करणारी ही बाई. यांपैकी अनंत माने यांचा १९५९ सालचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद थिएटरात शंभराहून अधिक आठवडे चालला. ज्या चित्रपटाने तिला घराघरांत नेले, त्याचेच नाव तिने आपल्या दुःखाच्या पोथीला दिले. लेखनात याहून बोचरा उपरोध सहसा सापडत नाही.

‘भूमिका’मध्ये स्मिता पाटील यांनी उषा ऊर्फ उर्वशीचे काम केले आणि त्याबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट सुरू होतो तो नाचापासून. आपण त्या नाचात रंगू लागतो, आणि मग ध्यानात येते की हा तर स्टुडिओतला नाच आहे. भोवती कॅमेरा आहे, दिवे आहेत, हुकूम सोडणारी माणसे आहेत. तेथून पुढे जुन्या जमान्यातल्या चित्रपटांचे तुकडे येतात, आणि त्या प्रत्येक तुकड्यामागे घरी काय चालले होते तेही येते. नवरा बायकोच्या करारांवर जगतो. आई नाराज असते आणि पैसा तर हवाच असतो. एका पुरुषाच्या तावडीतून सुटावे म्हणून बाई दुसऱ्याकडे जाते, तर तेथे वाड्याचे दारच बंद होते. अमोल पालेकरांचा केशव दळवी आणि अमरीश पुरींचा विनायक काळे यांची तुलना करून पाहा. एक बायकोला कामाला लावतो, दुसरा तिला कामावरून काढून घरात कोंडतो. दोघांच्याही लेखी तिला काय हवे, हा प्रश्न गैरलागू आहे.

बेनेगल जुन्या काळाची हुबेहूब नक्कल करतात, त्या काळच्या चित्रपटांचे रंगरूप, गाणी, अभिनय सारे उभे करतात. पण त्या नकलेच्या मोहात पडत नाहीत. सुवर्णयुगाला ‘सुवर्ण’ म्हणताना ते सोने कोणाच्या अंगावर दागिना होते आणि कोणाच्या पायांत बेडी होते, असे विचारणारा हा चित्रपट आहे. या विषयावर आपल्या देशात जे चित्रपट झाले, त्यांत माझ्या मते याची जागा पहिली.

जुहूपासून दादरपर्यंत

बाईचे दुःख पडद्यावर आले, तसे पुरुषाचेही आले. भगवान आभाजी पालव म्हणजे आपले भगवानदादा. गिरणी कामगाराचा हा मुलगा मारामारीच्या स्वस्त चित्रपटांतून वर आला, आणि १९५१ साली स्वतः काढलेल्या ‘अलबेला’ने साऱ्या देशाला ठेका धरावयास लावला. संगीत सी. रामचंद्रांचे, म्हणजे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे. त्या नाचाचे वैशिष्ट्य असे की, तो कोणालाही येतो. हात जरासे हलवावेत, पाय जरासे टेकवावेत, झाला नाच. आजही गणपतीच्या मिरवणुकीत साठीचा गृहस्थ लाजत लाजत दोन पावले टाकतो, ती भगवानदादांची असतात.

शेखर सरतांडेल यांनी २०१६ साली ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट काढला. मंगेश देसाई भगवानदादा झाले आणि विद्या बालन गीता बाली झाल्या. चेहरा, चाल, डोळ्यांतला मिस्कीलपणा देसाईंनी असा काही उचलला आहे की, पाहणाऱ्याने थक्क व्हावे. भर आहे तो उमेदीच्या दिवसांवर. त्यानंतरचे दिवस कसे होते? ‘अलबेला’नंतरच्या चित्रपटांनी हात दिला नाही. जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि हा मनुष्य दादरच्या चाळीत राहावयास आला. पुढची कित्येक वर्षे त्याने दुसऱ्यांच्या चित्रपटांत मिनिटा-दोन मिनिटांची कामे केली. त्यांत बहुधा त्याला आपलाच तो नाच करून दाखवावा लागे. ४ फेब्रुवारी २००२ रोजी भगवानदादा गेले.

या कहाणीवर कुणी म्हणेल की, उधळपट्टी केली, भोगले. तसे म्हणणे सोपे आहे. परंतु जरा हिशेब मांडून पाहा. जुन्या स्टुडिओत नट महिन्याच्या पगारावर असे. काम नसले तरी पगार मिळे आणि चित्रपट पडला तरी तोटा मालकाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ही व्यवस्था मोडली, नट मोकळा झाला, त्याचा भाव चढला. पण तोटाही त्याच्या अंगावर आला. चित्रपट काढावयाचा तर घर गहाण, आणि पडला तर घर गेले. भगवानदादा हे एकट्याच्या स्वभावाचे बळी नव्हते. पगाराचा जमाना जाऊन जुगाराचा जमाना आला, आणि त्या दोहोंमधल्या फटीत ते सापडले.

पुण्यात शिकलेला उमेदवार

हीच फट एका दुसऱ्या माणसाने पडद्यावर आणली, आणि तो माणूस पुण्याच्या प्रभातमध्ये तयार झालेला होता. १९४४ साली गुरुदत्त नावाचा विशीतला तरुण तीन वर्षांच्या करारावर प्रभातमध्ये नोकरीला आला. तेथेच देव आनंदशी त्याची मैत्री जुळली. १९४६ सालच्या प्रभातच्या ‘हम एक हैं’मध्ये देव आनंद प्रथम पडद्यावर आला आणि त्याच चित्रपटाचे नाच गुरुदत्तने बसविले. शांताराम १९४२ सालीच कंपनीतून बाहेर पडले होते आणि १९४५ साली दामले वारले. म्हणजे गुरुदत्तने पाहिलेला प्रभात हा कलता प्रभात होता. मोठमोठे स्टुडिओ, उंच छते आणि आतून लागलेली ओहोटी हे सारे त्याने उमेदवारीच्या वयात पाहिले.

१९५९ साली त्याने ‘कागज के फूल’ काढला. सिनेमास्कोप तंत्राने निघालेला हा पहिला भारतीय चित्रपट. एका यशस्वी दिग्दर्शकाची घसरण त्यात आहे. शेवटी तो रिकाम्या स्टुडिओत आपल्या जुन्या खुर्चीवर प्राण सोडतो. व्ही. के. मूर्ती यांच्या कॅमेऱ्याने त्या रिकाम्या स्टुडिओत उतरणारा प्रकाशाचा झोत असा पकडला आहे की, मंदिराचा गाभारा पाहतो आहोत असे वाटावे. चित्रपट सपाटून पडला. गुरुदत्तने त्यानंतर दिग्दर्शक म्हणून आपले नाव कधी लावले नाही, आणि १९६४ साली तो गेला.

हॉलिवुडनेही याच सुमारास स्वतःकडे वळून पाहिले होते. १९५० सालच्या ‘सनसेट बुलेव्हार’मध्ये मूकपटाच्या जमान्यातली विसरलेली तारका दाखविली आहे, आणि ते काम ग्लोरिया स्वॅन्सन या खरोखरीच्या मूकपटतारकेने केले. १९५२ सालच्या ‘सिंगिंग इन द रेन’ने बोलपट आल्यावर उडालेली तारांबळ हसत खेळत रंगविली. दोन्ही चित्रपट चालले आणि अजून पाहिले जातात. आपल्या प्रेक्षकांनी मात्र ‘कागज के फूल’कडे तेव्हा पाठ फिरवली आणि त्याचा कर्ता गेल्यावर त्याला डोक्यावर घेतले. हयात माणसाला उपेक्षा आणि मेलेल्याला आरती, ही रीत आपल्याला सिनेमाने शिकवलेली नाही. ती आपल्या घरचीच आहे.

आता घरोघर

अलीकडे या विषयाने थिएटर सोडून घरात प्रवेश केला आहे. २०२३ साली विक्रमादित्य मोटवाने यांची ‘ज्युबिली’ ही दहा भागांची मालिका आली. रॉय टॉकीज नावाचा स्टुडिओ, त्याचा मालक श्रीकांत रॉय, त्याची पत्नी व नटी सुमित्राकुमारी, आणि प्रयोगशाळेतला नोकर बिनोद, जो पुढे मदनकुमार या नावाने तारा होतो. ज्याला जुना सिनेमा ठाऊक आहे त्याला हा बुरखा लगेच ओळखू येतो. हिमांशु रॉय आणि देविकाराणी यांनी १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज काढली. ‘जीवन नैया’च्या वेळी देविकाराणी नायकाबरोबर निघून गेल्या, त्या परत आल्या आणि नायकाच्या जागी प्रयोगशाळेतल्या अशोककुमारांना उभे केले गेले. हा १९३६ सालचा मामला.

मालिकेने ही गोष्ट अकरा वर्षे पुढे ओढून फाळणीच्या आगीत नेऊन ठेवली. खरे हिमांशु रॉय १९४० सालीच वारले होते. मालिकेत नायकाच्या यशामागे एक विश्वासघात आणि एक मृत्यू दडलेला आहे; अशोककुमारांच्या आयुष्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. नावे बदलली आहेत, तेव्हा लेखकाला हे स्वातंत्र्य आहे, हे मान्य. ऐतिहासिक कादंबरी वाचणाऱ्या मराठी वाचकाला हे स्वातंत्र्य नवे नाही. पण कादंबरी वाचणाऱ्याने बखरही चाळावी, अशी आपली जुनी शिकवण आहे. मालिकेतली सजावट, गाणी, मोटारी, टोप्या पाहून डोळे निवतात. तिची पकड आहे, यात संशय नाही. फक्त ती पाहून झाल्यावर ‘तेव्हा असे होते’ असे कुणी म्हणू लागला, तर त्याला हळूच कोपरखळी मारावी.

चांदीच्या भावाने

येथे वाचक म्हणतील, एवढी चिंता कशाला? खोटे वाटले तर खरे चित्रपट पाहता येतीलच की! दुर्दैवाने खरी अडचण तेथेच आहे.

आमच्या कॉलेजात एकदा मी विद्यार्थ्यांना विचारले, दादासाहेब फाळके दिसावयास कसे होते? एका मुलीने उत्साहाने वर्णन केले. नाक, डोळे, मिशी, हसू सारे काही. ते वर्णन नंदू माधवांचे होते. तिचा यात काही दोष नाही. मूळ चेहरा नजरेआड झाला की सोंगाचा चेहरा त्याची जागा घेतो.

आणि मूळ चेहरे फार मोठ्या संख्येने नाहीसे झाले आहेत. आपल्या देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले; त्यांतले अगदीच थोडे शिल्लक आहेत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला ‘आलम आरा’ हा देशातला पहिला बोलपट आज उपलब्ध नाही. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’, ज्याची आठवण काढताना जुने जाणकार हळवे होत, तो १९२५ सालचा मूकपटही गेला. याचे कारण फिल्मच्या घडणीतच होते. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती काळाने चिकट होते, तिची भुकटी होते आणि ती चटकन पेट घेते. शिवाय फिल्मवरच्या थरात चांदी असते. चित्रपट जुना झाला, थिएटरवाला घेईना, गोदामाचे भाडे चढू लागले, की मालक ती रिळे मोडीत काढी आणि त्यांतून चांदी गाळली जाई. सुवर्णयुग म्हणून ज्याचा आपण जयघोष करतो, ते अशा रीतीने चांदीच्या भावाने विकले गेले!

जे वाचले त्यातले बरेच पुण्याने वाचविले. प्रभात कंपनी बंद पडल्यावर तिच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. या संग्रहालयासाठी पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून रिळे जमविली. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे अवशेष आज पाहावयास मिळतात, ते त्यांच्यामुळे. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१२ साली नायरांवर ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट काढला. त्यात कोणी नट सोंग घेऊन उभा नाही. एक वयोवृद्ध गृहस्थ रिळांच्या मांडण्यांमधून फिरतो आणि कोणत्या रिळात कोणता प्रसंग आहे ते तोंडपाठ सांगतो. सुवर्णयुगावरचा इतका हृदयस्पर्शी चित्रपट मी दुसरा पाहिला नाही. २०१६ साली नायर पुण्यातच वारले.

आणि तरीही जानेवारी २००३ मध्ये इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठीला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांसह कितीतरी मूळ रिळे भस्मसात झाली. चित्रपटांच्या प्रती इतरत्र असल्यामुळे ते समूळ गेले नाहीत, पण मूळ ते मूळ. अप्पा बळवंत चौकाजवळचे प्रभात थिएटरही त्या नावाने २०१४ सालापर्यंतच चालले. तेव्हा पुण्यात आता प्रभातची म्हणून उरली ती इन्स्टिट्यूटमधली जुनी स्टुडिओची इमारत, तेथले छोटेसे संग्रहालय, आणि रस्त्यावरची पाटी.

फाटकाशी बसलेली नायिका

जाता जाता एक गोष्ट सांगतो. ती अजून पडद्यावर यावयाची आहे.

१९३७ सालच्या ‘कुंकू’मध्ये शांता आपटे यांनी नीराचे काम केले. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली मुलगी. ती रडत नाही, पळत नाही. ‘हे लग्न मला मान्य नाही’ असे ठामपणे वागून दाखवते. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट पाहून त्या काळची घरेच्या घरे हादरली. दोन वर्षांनी, १९३९ च्या जुलै महिन्यात, याच शांताबाई प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. तंटा कराराचा होता. पडद्यावर एक न पटणारा करार झुगारणारी नायिका पडद्याबाहेर दुसऱ्या कराराशी झुंजत होती, आणि तीही ज्या कंपनीने तिला नीरा केले तिच्याच दारात! पुढे शांताबाई प्रभातमधून बाहेर पडल्या आणि १९४० साली त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना त्या धंद्याची आतली बाजू समजावून सांगणारे हे पुस्तक. नटीने पगार, करार, मालक आणि नोकर या शब्दांत सिनेमाचा विचार करावा, ही त्या काळी केवढी धिटाई!

या प्रसंगात दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे आहे. प्रभातच्या शिस्तीशिवाय ‘कुंकू’ झाला नसता, हे खरे. आणि त्या शिस्तीची किंमत प्रत्येकाने सारखी मोजली नाही, हेही खरे. हे दोन्ही एकाच चौकटीत जो बसवील, तो सुवर्णयुगाचा खरा चित्रपट काढील. त्यासाठी कल्पनेचे खून आणि कट रचण्याची गरज नाही. सामग्री मराठीत भरपूर आहे. दुर्गाबाई खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’, लीला चिटणीस यांचे ‘चंदेरी दुनियेत’, स्नेहप्रभा प्रधान यांचे ‘स्नेहांकिता’, सी. रामचंद्रांचे ‘माझ्या जीवनाची सरगम’, खुद्द शांतारामबापूंचे ‘शांतारामा’. एकाच काळाकडे पाहणाऱ्या इतक्या खिडक्या एका भाषेत असणे, हे मराठीचे मोठेच भाग्य आहे. मालकाच्या खिडकीतून अंगण निराळे दिसते आणि नटीच्या खिडकीतून निराळे. पाहणाऱ्याने दोन्हीकडून पाहावे.

म्हणून या दिवाळीत वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. सुवर्णयुगावरची मालिका अवश्य पाहा. करमणूक ही काही वाईट गोष्ट नाही. पण तिच्या आधी, निदान तिच्या मागोमाग, एक मूळ चित्रपट पाहा आणि एक आत्मचरित्र वाचा. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पाहिली असेल तर फाळक्यांची उरलेली रिळे पाहा. ‘भूमिका’ पाहिली असेल तर हंसाबाईंचे पुस्तक उघडा. आणि घरात नव्वदीची आजी असेल तर तिला विचारा की, तिच्या आईने ‘कुंकू’ पाहिला होता का, आणि पाहून घरी आल्यावर ती काय म्हणाली. ते उत्तर कुठल्याही संग्रहालयात ठेवलेले नाही. ते फक्त तिच्याकडे आहे.